नव्या जर्सीला कुंकू

अन्वीच्या टीमच्या नव्या जर्सीवर, छातीच्या मधोमध, नळाचं चित्र होतं. नळातून एक थेंब गळतोय आणि थेंबाखाली गावातल्या प्लंबरचा फोन नंबर. पहिली-दुसरीतल्या मुली हा गळका नळ छातीवर मिरवत मैदानात उतरणार होत्या. नीलिमाने जर्सी उलटीपालटी करून पाहिली. ज्या देशात मोटारीचं दार लावताना आवाज कसा यावा यावर माणसं वर्षानुवर्षं डोकं खपवतात, तिथे पोरींच्या जर्सीची वेळ आली की सगळे डिझायनर एकदम रजेवर जातात की काय? पाठीवरचा आठाचा आकडा तर दोन लाडू एकावर एक ठेवून वरून दाबल्यासारखा दिसत होता.

फुटबॉलमधलं नीलिमाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे हृषिकेशने लग्नाआधी एका हॉटेलात मीठ-मिरपुडीच्या डब्या मांडून समजावलं होतं. पण तेव्हा तिचं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं, त्यामुळे ते समजायचं राहिलं ते राहिलंच. तरी टीव्हीवर मॅच लागली की ती त्याच्या शेजारी येऊन बसायची आणि कोण जिंकावं ते कपड्यांवरून ठरवायची.

"अगं, ती टीम यंदा खालच्या लीगमध्ये जाणार आहे!" हृषिकेश कळवळून सांगायचा.

"जाऊ दे. निळा काय सुंदर आहे."

"आणि समोरचे काय वाईट आहेत?"

"त्यांचा गोलकीपर बघ. ट्रॅफिक पोलिसाचं जॅकेट घालून आलाय."

हे सगळं तो घरी राहत होता तेव्हाचं.

हृषिकेशची नोकरी आधी इथेच, स्टुटगार्टजवळ होती. मग म्युनिकची चांगली ऑफर आली. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार इकडे, असं सुरू झालं. एरवी तो आल्या आल्या बूट काढायचा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मात्र तो बूट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "नीलू, मी म्युनिकला असतो ना, तेव्हा मला बरं वाटतं."

एवढंच. कुणी दुसरी नव्हती, भांडण नव्हतं. पुढे त्याने बरंच काही सांगितलं, पण नीलिमाला ते पहिलं वाक्यच पुरलं. या देशात घटस्फोटाआधी नवरा-बायकोला वर्षभर वेगळं राहून दाखवावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. 'म्हणजे नोकरीला लागताना प्रोबेशन तसं सोडतानाही प्रोबेशन,' ती फोनवर बहिणीला म्हणाली होती आणि दोघी हसल्याही होत्या. पण बहिणीनं फोन ठेवला नाही, नीलिमानेही ठेवला नाही, आणि नुसताच एकमेकींचा श्वास ऐकू येत राहिला.

मे महिन्याचं वासंतीबाईंचं, म्हणजे हृषिकेशच्या आईचं, तिकीट आधीच काढलेलं होतं. नीलिमाने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. आईंना इथे असेपर्यंत काही सांगायचं नाही. तो लगेच हो म्हणाला. सांगायचं काम पुढे ढकलायला मिळालं की हृषिकेश नेहमीच लगेच हो म्हणत असे.

नीलिमाची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली. अन्वीच्या वेळी सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी भरून, भाषेचा एक शब्द येत नसताना फ्रँकफर्टला विमान बदलून येऊन पोचल्या त्या वासंतीबाई. नीलिमाला रात्ररात्र दूध येत नव्हतं, ती रडायची, तेव्हा पाठीवरून हात फिरवत बसल्या त्याही वासंतीबाईच. नवरा जातोय, हे फेब्रुवारीपासून तिला हळूहळू समजायला लागलं होतं. पण नवऱ्याबरोबर सासूही जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि या दोघांपैकी एकच ठेवता येईल असं कुणी म्हटलं असतं, तर तिने फार विचार न करता आईंना ठेवलं असतं.

म्हणून हे दिवस तिला हवे होते. निदान एवढे दिवस.

आणि दिवस खरंच छान चालले होते. सकाळी अन्वीला शाळेत सोडून दोघी बेकरीपर्यंत चालत जायच्या. वाटेत वासंतीबाईंना जर्मनी दिसायची आणि त्यांचं तोंड सुरू व्हायचं. समोरून दोन आज्या हातात दोन-दोन काठ्या घेऊन टक्-टक् करत आल्या.

"बर्फ नाही, डोंगर नाही. काठ्या कशाला गं?"

"व्यायाम आहे तो, आई."

"आपल्याकडे हातात काठी आली म्हणजे व्यायाम संपला असं समजतात."

बेकरीच्या रांगेत एक पोट सुटलेले गृहस्थ सायकलवाल्यांचा तो घट्ट पोशाख घालून उभे होते. वासंतीबाईंनी त्यांना मागून निरखून पाहिलं. तिथे कुणाला मराठी कळत नाही या भरवशावर त्या भर आवाजात बोलत.

"यांच्या चड्डीला मागे उशी शिवलीय का?"

"आई, हळू! हो. सायकलची सीट टोचते म्हणून."

"मग सीटला शिवायची ना! माणसाला कशाला?"

नीलिमाला हसू आवरेना. हातातला ब्रेड दाबला जाऊन पार चपटा झाला.

घरी भाषेचा तिसरा पक्ष असायचा, अन्वी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमधून. वासंतीबाईंनी रोज संध्याकाळी तिची शिकवणी सुरू केली होती. "मला पाणी दे, असं म्हण. म्हण ना." अन्वी म्हणायची, "पाणी." "नुसतं पाणी काय? पूर्ण वाक्य." अन्वी हसून पळून जायची. मग आजी-नातीचं बाकीचं बोलणं नीलिमामार्फत चालायचं. अन्वीचं जर्मन ती मराठीत करून सांगायची, आणि सांगता सांगता त्यातून काहीबाही गाळायची. पप्पांच्या म्युनिकच्या नव्या घरी माझा बेड खिडकीजवळ आहे, असं अन्वी म्हणाली, तर नीलिमा सांगायची, "तिला खिडकीजवळ झोपायला आवडतं म्हणते." अन्वी मान तिरकी करून आईकडे बघायची. नीलिमा ताट वाढायला उठायची.

तर त्या जर्सी. इथे पोरांच्या टीमच्या जर्सी क्लबच्या मालकीच्या असतात. मॅच झाली की सगळ्या एका मोठ्या बॅगेत भरतात आणि पाळीपाळीने एकेका घरी धुवायला जातात. यावेळची पाळी नीलिमाची होती. त्यातून जर्सी कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. कोच श्टेफेनने ग्रुपवर बजावलं होतं की शनिवारी सामने आहेत, वापरण्याआधी एकदा नक्की धुवा. इथे नवा कपडा धुतल्याशिवाय कुणी अंगाला लावत नाही.

"सगळ्या टीमचे कपडे आपल्या घरी?" वासंतीबाईंनी बॅगेत डोकावून विचारलं.

"हो ना. आज आपली पाळी."

"छान आहे. गावचं कार्य असल्यासारखं."

शुक्रवारी नीलिमा अन्वीला आणायला गेली. परत आल्यावर बॅग होती तशी मशीनमध्ये ओतली आणि पोळ्या करायला घेतल्या. मशीन थांबलं तेव्हा अन्वीनेच दार उघडलं आणि किंचाळली.

जर्सी गुलाबी झाल्या होत्या. सरसकट गुलाबी झाल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. इथे कुठे गुलाबी, कुठे केशरी, कुठे पिवळसर डाग, आणि त्या सगळ्यातून गावातल्या प्लंबरचा नळ मात्र ठणठणीत निळा.

"आई!" नीलिमा ओरडली. "यात काय गेलं?"

वासंतीबाई हात पुसत आल्या. ड्रममध्ये पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"अगं... कोरं कापड मुलींच्या अंगावर जाणार. मी जरासं हळदकुंकू लावलं. आतल्या बाजूने, कडेला. ओलं करून, टिकावं म्हणून."

"सगळ्या जर्सींना?"

"मग काय एकट्या अन्वीच्या लावू? बाकीच्या पोरींनी काय घोडं मारलंय?"

"पण मला सांगायचं तरी!"

"तू धुणार आहेस हे मला काय माहीत? कोरा कपडा कुणी धुतं का?"

नीलिमाने एक जर्सी उचलून उजेडात धरली. आतल्या कडेला, शिवणीपाशी, बोटाएवढा लाल ठिपका अजून जसाच्या तसा होता. सुगरणीने मुद्दाम न सांडू देता लावल्यासारखा. मशीनने सगळीकडे रंग फासला होता, पण जिथून तो निघाला तिथून काही हलवला नव्हता. तिला हसू फुटलं. वासंतीबाईंनाही फुटलं. दोघी बाथरूमच्या फरशीवर बसून, भिंतीला टेकून, एकमेकींच्या अंगावर पडेपर्यंत हसल्या. हसता हसता नीलिमाचा आवाज कधी बदलला ते तिलाही कळलं नाही. वासंतीबाईंना मात्र कळलं.

"अगं, अगं... रडतेस काय वेडे? त्या कोचला मी सांगते. चूक माझी आहे म्हणून सांगते. आपण दुसरे कपडे घेऊन देऊ त्यांना."

त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले. पदराला मशीनमधल्या साबणाचा वास येत होता. सांगून टाकावं, आत्ता, इथेच, असं नीलिमाच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की हा पदर उद्या कुणाचा, हे तिला माहीत नव्हतं.

"कोच काही बोलणार नाही, आई," ती म्हणाली. "उठा. गार लागेल फरशी."

शनिवारी मैदानावर जत्रा होती. आई-बाप घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन, सलग चार डोंगर चढता येतील असे बूट घालून आले होते. खुर्चीच्या हातात कॉफीचा कप ठेवायला गोल भोक. "यांनी खुर्चीला भोक पाडलं, पण पोरींच्या मापाची एक गोष्ट यांना करता आली नाही," वासंतीबाई म्हणाल्या, कारण अन्वीच्या नडगीवरची ढाल गुडघ्याच्या वर येत होती. पायाला कौलं बांधून चालल्यासारखी ती चालत होती. गोलमधल्या मुलीचे हातमोजे तर असे, की ती भट्टीतून ब्रेड काढायला निघालीय असं वाटावं. वासंतीबाई स्वतः पाचवारी साडीवर हृषिकेशचं जुनं जॅकेट आणि पायात नीलिमाचे स्पोर्ट शूज अशा सज्ज होत्या.

नीलिमाने बॅग उघडली. श्टेफेन गुडघ्यावर हात ठेवून वाकला. एक जर्सी उचलली, दुसरी उचलली. हा माणूस बोलायला फार कंजूष.

"गेनाऊ," शेवटी तो म्हणाला, म्हणजे 'बरोबर'. "स्वच्छ तर आहेत."

वासंतीबाईंनी नीलिमाला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला?"

"स्वच्छ आहेत म्हणाला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

अन्वी मात्र त्या जर्सीत अशी उभी राहिली की जणू ती या कुटुंबातली नाहीच. मग शिट्टी झाली आणि तीही विसरली. मॅच म्हणजे सगळ्या पोरी चेंडूमागे थव्याने इकडून तिकडे, आणि एक कोपऱ्यात डेझीची फुलं तोडणारी. मैदानापासून लांब, दोरीमागे उभं राहायचं, ओरडायचं नाही, असा नियम. वासंतीबाईंनी दोरीला पोट लावून, हाताचा कर्णा करून हाक दिली, "पळ गं अन्वे! पळ! तो तुझाच आहे!" सगळ्या खुर्च्या वळल्या. नीलिमाने मान खाली घातली, आणि खाली घालून हसली.

हृषिकेश अर्ध्या मॅचला आला. शनिवारी तो असाच यायचा, दिवसभर थांबायचा, संध्याकाळी 'प्रोजेक्टचा शेवटचा टप्पा आहे' म्हणून परत जायचा. त्याने आईच्या पायांना हात लावला, नीलिमाकडे पाहून मान हलवली, जर्सी पाहिल्या.

"हे काय झालं?"

"मी केलं," वासंतीबाई म्हणाल्या. "गप्प बस."

टीम हरली. पोरींना त्याचं काहीच नव्हतं, त्या केकच्या टेबलाकडे पळाल्या. अन्वी तोंडाला चॉकलेट लावून परत आली. वासंतीबाईंनी डबे पिशवीत भरले आणि मुलाच्या दंडाला धरलं.

"आज आमरस केलाय. पुऱ्या घरी गेल्यावर लगेच तळते. जेवून राहायचं. उद्या रविवार आहे."

"आई, आज नाही जमणार. मला निघायचंय."

"दर शनिवारी कसलं रे ऑफिस? मी आल्यापासून एक रात्र घरी झोपला नाहीस."

"आई, कामच तसं आहे..."

"अन्वी, तू सांग पप्पाला. म्हण, घरी चल."

अन्वीने एकदा पप्पाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग जर्मनमधून, अगदी साधेपणाने, ती म्हणाली की पप्पा तर आता आमच्याकडे राहतच नाही.

हृषिकेशने डोळे मिटले. वासंतीबाईंनी सवयीने सुनेकडे बघितलं. "काय म्हणते?"

"म्हणते..." नीलिमा म्हणाली, "पप्पा दमलाय. त्याला जाऊ दे म्हणते."

अन्वी आईकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी पडली. इतके दिवस ती हे ऐकत होती. आपण एक बोलतो आणि आई दुसरंच सांगते. तिला वाटलं असेल, आपलंच काही चुकतंय. आपल्याला नीट सांगता येत नाहीये. तिने आजीचं बोट धरलं आणि एकेक शब्द शोधून, जुळवून, मराठीत म्हणाली,

"आजी. पप्पा आपल्या घरी राहत नाही. तो आता म्युनिकला राहतो. तिथेच."

आणि मग, शिकवणीला बसल्यासारखी, मान वर करून तिने विचारलं, "बरोबर?"

शेजारच्या मैदानावर शिट्टी वाजली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वासंतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता. त्यांनी नीलिमाकडे पाहिलं, आणि नीलिमाने यावेळी नजर चुकवली नाही.

"बरोबर," वासंतीबाई म्हणाल्या. त्यांनी नातीच्या तोंडाचं चॉकलेट अंगठ्याने पुसलं. "अगदी बरोबर बोललीस, बाळा. पूर्ण वाक्य."

हृषिकेश मैदानावरूनच निघून गेला. घरी आल्यावर वासंतीबाईंनी पुऱ्या तळल्या. नको म्हटलं तरी तळल्या. अन्वीला वाढलं, तिला झोपवलं, आणि मग ओट्यापाशी, नीलिमाकडे पाठ करून कढई घासत विचारलं, "कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"मला का नाही सांगितलंत?"

"मी नको म्हटलं त्याला."

"का?"

नीलिमाने पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही जागेवर सापडेना. "तुम्ही याल आणि राहाल म्हणून," ती म्हणाली. "आधीसारख्या."

घासणीचा आवाज थांबला. मग त्यांनी कढई पुसून जागेवर ठेवली.

"मी उद्या त्याच्याकडे जाते, नीलू. म्युनिकला. परतीचं विमानही तिकडूनच बदलून घेऊ."

"समजावायला?"

"छे. समजावून ऐकणाऱ्यातला असता तर ही वेळ आली असती का? कुठे राहतो, काय खातो, मला बघायचंय. तू म्हणशील त्याची चूक आहे. असेल. मी नाही कुठे म्हणतेय? पण माझा मुलगा आहे गं तो. तिकडे एकटा आहे."

"आणि मी?"

तिला हे विचारायचं नव्हतं. लहान मुलीसारखं निघून गेलं तोंडातून.

"तू खंबीर आहेस," वासंतीबाई म्हणाल्या. "मला तुझी काळजी नाही."

खंबीर म्हटलं की माणसाला सोडून जाणं सोपं पडतं, हे नीलिमाला त्या क्षणी कळलं. हृषिकेशनेही फेब्रुवारीत हाच शब्द वापरला होता. मायलेकांनी ठरवून थोडाच वापरला असेल? पण आला तो दोघांच्या तोंडी.

रविवारी सकाळी दोघींनी मिळून बॅग भरली. नीलिमा घड्या घालत होती, वासंतीबाई रचत होत्या. मेतकुटाची बरणी वासंतीबाईंनी काढून बाहेर ठेवली, अन्वीसाठी. नीलिमाने ती परत आत घातली. "त्याला आवडतं," ती म्हणाली. वासंतीबाईंनी बरणी पुन्हा बाहेर काढली. मग कुणीच तिला हात लावला नाही.

हृषिकेश खाली गाडीत थांबला होता. वर आला नाही. अन्वीने आजीला मिठी मारली आणि मोठ्यांना काय बोलायचं असतं ते बोलू द्यावं म्हणून समजूतदारपणे जिन्यात जाऊन बसली. रस्ता उताराचा होता; वासंतीबाईंनी नीलिमाचा हात धरून पावलं टाकली. बॅग डिकीत गेली. नीलिमा वाकून त्यांच्या पाया पडली, नेहमीसारखी, आणि उठताना तिने विचारलं,

"आई, वर्ष झालं की कागदावर आपण एकमेकींच्या कुणी नसू. मग मी तुम्हाला काय म्हणायचं?"

वासंतीबाईंनी गाडीच्या मागच्या बाजूला पाहिलं. हृषिकेश डिकी लावत होता.

"आत्ता नको गं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तो ऐकेल."

"मग फोन करू तुम्हाला?"

"बघू."

त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला, मग त्या आत बसल्या आणि पदर दारात अडकू नये म्हणून आवरून घेतला.

पुण्याच्या घरी दारावर कुणी वर्गणी मागायला आलं, नात्यातल्या कुणी आपल्या मुलीसाठी स्थळ बघायला सांगितलं, शेजारणीने भिशीत ये म्हणून गळ घातली, म्हणजे थोडक्यात ज्याला 'नाही' म्हणवत नाही अशा प्रत्येकाला वासंतीबाई 'बघू' म्हणत. इतक्या वर्षांत नीलिमाने ते कितीदा ऐकलं होतं. तिला मात्र त्यांनी आजवर कधीच म्हटलं नव्हतं.

गाडी निघाली. वासंतीबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला, पण रस्ता वळत होता आणि हृषिकेशने काहीतरी सांगितलं असावं, कारण हात आत गेला. उतारामुळे वळणानंतरही गाडीचं छत थोडा वेळ कुंपणावरून दिसत राहिलं. मग तेही दिसेनासं झालं.